झाकणावरचा ओघळ

सिगारी ठेवण्याची एक जुनी पेटी, एवढीच माझी ओळख आहे, मित्रांनो. बाहेरून अक्रोडाचे लाकूड, आतून देवदारासारखा वास असणाऱ्या दुसऱ्या एका लाकडाच्या पातळ फळ्या आणि मागे दोन पितळी बिजागऱ्या. तुमच्यापैकी बहुतेकांनी सिगार जवळून पाहिली नसेल, ते बरेच आहे. तंबाखूची पाने एकावर एक गुंडाळून केलेली ती जाडसर कांडी असते. तिचा धूर छातीला चांगला नसतो. हे आधीच सांगते, कारण मी सिगारची जाहिरात करायला आलेली नाही. मला सांगायचे आहे ते दोन भावांबद्दल, एका काकींबद्दल आणि माझ्या झाकणावर बरीच वर्षे राहिलेल्या पॉलिशच्या एका ओघळाबद्दल.

माझे काम कळले तर पुढचे सगळे कळेल. सिगार कोरडी पडली की तिचे वरचे पान तडकते. फार ओली झाली की तिला बुरशी येते. म्हणून माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला जाळीची एक पितळी डबी बसवलेली आहे. तिच्यात स्पंजचा तुकडा असतो आणि तो उकळून गार केलेल्या पाण्याने ओला ठेवतात. माझे आतले लाकूड तो ओलावा पिते आणि हवा कोरडी झाली की हळूहळू परत देते. हे व्हायचे तर लाकूड उघडे हवे. त्याला पॉलिश केले की त्याचे तोंड बंद होते. बाहेरून हवे तेवढे चमकवा, आतून हात लावू नका, हा अशा पेटीचा नियम आहे.

हा नियम एकाने दुसऱ्याला सांगायचा राहिला, म्हणून माझा जन्म झाला.

सुतारांच्या गल्लीत दोन भावांचे दुकान होते. थोरला लाकूड कापायचा, रंधा मारायचा, सांधे जुळवायचा. त्याच्या पेटीच्या कोपऱ्यांना खिळा लागत नसे. फळ्यांना दात पाडून ते एकमेकांत असे बसवायचा की मध्ये नखही जाऊ नये. धाकट्याकडे पॉलिश होते. कापडाची पुरचुंडी लाखेच्या पॉलिशमध्ये बुडवून तो ती गोल गोल फिरवत राही. त्याच्या हातून गेलेल्या टेबलात छताचा पंखा दिसायचा. मन लावून काम करायचा आणि काम झाले की त्याच पृष्ठभागात बघून भांगही पाडायचा. गल्लीत त्यावरून थट्टा चाले, पण ती तेवढ्यापुरती.

पलीकडच्या रस्त्यावर काकींचे सिगारचे दुकान होते. नवरा गेल्यावर ते त्यांनी चालवायला घेतले. "आधी त्यांचा खोकला घरात यायचा, मग ते यायचे," असे त्या नवऱ्याबद्दल सांगत. स्वतः त्यांनी आयुष्यात सिगार ओढली नाही. दुकानाचा नियम त्यांनीच केला होता. गिऱ्हाईक आत आले की त्या विचारत, "आज काय आहे?" मुलीची परीक्षा, नोकरीचा शेवटचा दिवस, घराचे छप्पर पूर्ण झाले, असे काही कारण निघाले तर सिगार मिळे. "काही नाही, सहज," म्हणणाऱ्याला मिळत नसे.

"अहो काकी, मांजर व्याली," असे एकदा एका बसचालकाने सांगून पाहिले.

"किती पिल्लं?"

"चार."

"मागच्या आठवड्यातही चारच होती. मांजरीला जरा विसावा दे," असे म्हणून काकींनी त्याला रिकाम्या हाताने घालवले. तो हसत गेला. अशा वागण्याने दुकान कसे चालते, हे लोकांना कोडे होते. पण ते चालत होते, कारण काकींकडून आणलेली सिगार म्हणजे घरात खरोखरच काहीतरी घडले आहे, हे सगळ्यांना कळायचे.

या दुकानासाठी काकींनी दोघा भावांना एक मोठी पेटी सांगितली. ती मी नव्हे. ती माझी थोरली बहीण. थोरल्याने ती जोडली आणि एका नात्यातल्या लग्नासाठी गावाला जायला निघाला. जाताना धाकट्याला म्हणाला, "पेटीला पॉलिश करून ठेव." एवढेच म्हणाला. बस सुटायच्या घाईत होता. आतून करायचे नाही, हे सांगायचे राहून गेले. धाकट्याने आजवर कपाटे, पलंग, टेबले केली होती. सिगारची पेटी त्याच्या हाती पहिल्यांदाच येत होती. एवढ्या चांगल्या लाकडाला अर्धवट सोडायचे त्याच्या मनाला पटेना. त्याने पेटी बाहेरून केली, आतून केली, झाकणाच्या आतला कोपरान् कोपरा केला. थोरला परत आला तोवर पेटी काकींच्या दुकानात पोचली होती आणि सिगारींनी भरलीही होती.

काही दिवसांनी गिऱ्हाइके सिगारी परत घेऊन येऊ लागली. ओढली की तोंडात लाखेची आणि स्पिरिटची चव यायची. काकींनी सगळा माल टाकून दिला आणि पेटी बगलेत मारून त्या सुतारांच्या गल्लीत आल्या. दुपारची वेळ होती. दुकानापुढे चार माणसे बाकावर बसली होती.

"हे काय केलंत रे?" काकींनी झाकण उघडून दाखवले. आतून पेटी लखलखत होती.

थोरल्याने पेटीकडे पाहिले, मग बाकावरच्या लोकांकडे पाहिले आणि म्हणाला, "चूक माझीच आहे काकी. मी याला लाकूड दिलं. याला आरसा द्यायला हवा होता, बघत बसला असता."

बाकावरची माणसे मोठ्याने हसली. त्यांतला एकजण म्हणाला, "काय आरसेराव, भांग बरोबर आहे ना?" पुन्हा हशा झाला.

धाकट्याने हातातली पुरचुंडी पाण्यात टाकून वाया घालवली.

टोपणनाव लागायला वेळ लागत नाही, मित्रांनो. दुसऱ्या दिवशी चहावाल्याने "आरसेराव, चहा," म्हणून हाक मारली. मग वखारवाला म्हणाला, मग शेजारची मुले. गिऱ्हाइकेही विचारू लागली, "आरसेराव आहेत का?" धाकट्याने काही दिवस ऐकून घेतले. थोरल्याने एकदा जरी कोणाला गप्प केले असते तरी तो राहिला असता, असे मला वाटते. थोरला आपला रंधा मारत राहिला. एका सकाळी धाकट्याने पॉलिशच्या बाटल्या खोक्यात भरल्या आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, रेल्वेचे डबे रंगवणाऱ्या कारखान्यात कामाला गेला. गल्लीत नाव मात्र राहिले. पुढे तर त्याचे खरे नाव काय होते, हेही लोक विसरले.

त्यानंतर थोरल्याने काकींसाठी दुसरी पेटी केली. ती मी. माझ्या सांध्यांत खोट काढायला जागा नाही. पण पॉलिश करायला आता धाकटा नव्हता. थोरल्याने पुरचुंडी स्वतः हातात घेतली. पॉलिश जास्त झाले, झाकणाच्या उजव्या कोपऱ्याजवळून खाली ओघळले आणि तसेच सुकले. बोट फिरवले तर लागायचे.

काकींनी मला गल्ल्याशेजारी ठेवले. पहिल्याच दिवशी एक सुईणबाई आल्या. प्रत्येक बाळंतपणानंतर एक बारीक सिगार, असा त्यांचा शिरस्ता होता.

"आज काय आहे?"

"जुळी झाली."

"मग दोन घ्या."

"नको, बाळं दोन असली तरी दमलेली मी एकटीच आहे." मग त्यांचे माझ्याकडे लक्ष गेले. "हे काय, नव्या पेटीला सर्दी झाली की काय? नाक वाहतंय."

थोरला तेव्हा तिथेच माझी बिजागरी बसवत होता. काकी त्याला म्हणाल्या, "खरंच रे, तो ओघळ घासून टाक की. दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ का?"

"नको," तो म्हणाला. "ज्याचं काम आहे तो करेल."

दुकानात आणखी एक पद्धत होती. एखाद्याला पुढे यायच्या दिवसासाठी सिगार घेऊन ठेवायची असेल तर काकी ती माझ्या तळच्या कप्प्यात, वरच्या उचलत्या तबकाखाली ठेवत. सिगारला कागदाची एक पट्टी गुंडाळायची आणि तिच्यावर ज्याची असेल त्याचे नाव घालायचे. बसचालकाने आपल्या निवृत्तीसाठी एक ठेवली होती. थोरल्याने त्या दिवशी दोन घेतल्या.

"कशासाठी?" काकींनी विचारले.

"तो आला की."

एका पट्टीवर त्याने स्वतःचे नाव घातले. दुसरीवर धाकट्याचे खरे नाव लिहिले, ठळक, सुतारी पेन्सिलीने. काकींनी ते वाचले, मान हलवली आणि सिगारी तबकाखाली ठेवल्या.

माझी चांगली वर्षे ती. काकी रोज सकाळी दुकान उघडले की आधी माझा स्पंज बोटाने दाबून पाहत, मग दिवा लावत. लोक माझ्या सांध्यांचे कौतुक करत आणि लगेच ओघळाकडे बोट दाखवत. काकींचे उत्तर ठरलेले होते. "त्याचा माणूस यायचाय." नीट सांभाळलेली सिगार वर्षानुवर्षे टिकते, तिची चव उलट मुरत जाते. बसचालक निवृत्त झाला, आपली सिगार घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी खोकत सांगायला आला की मांजरीचे कारण जास्त चांगले होते. तळाशी दोन सिगारी तशाच राहिल्या.

थोरला अधूनमधून यायचा. काकी त्याला स्पष्ट विचारत.

"गेला होतास ना त्याच्याकडे?"

"गेलो होतो. कारखान्याच्या फाटकातून दिसला. कामात होता."

"मग?"

"ओलं पॉलिश असताना माणसाला हाक मारू नये. हात हलतो."

"तो जेवायला सुटतो की नाही कधी?" काकी म्हणाल्या. थोरल्याने त्यावर माझी बिजागरी उगाच हलवून पाहिली.

वर्षे गेली. सिगार ओढणारे कमी झाले. माझ्या दृष्टीने ती काही वाईट गोष्ट नव्हे. थोरल्याचे हात थरथरू लागले, त्याने दुकान बंद केले आणि मुलीकडे राहायला गेला. काकी आजारी पडल्या. दवाखान्यात त्यांची भाची त्यांच्याजवळ बसायची. काकी तिला पुन्हा पुन्हा म्हणत, "पेटीला पाणी दे गं." भाचीला वाटले, तापात बोलते आहे, तहान लागली असेल. ती त्यांनाच पाणी पाजायची. "देते हं मावशी," म्हणायची. काकी गेल्या आणि माझा स्पंज सुकला. भाचीचा यात दोष नाही. तिला कोणी समजावून सांगितले नव्हते.

भाचीने त्या जागेत छत्र्या आणि पिशव्यांचे दुकान घातले. मी गल्ल्याशेजारीच राहिले, पण माझ्यात आता किल्ल्या, सेलोटेप, मोबाइलच्या तारा आणि बिनटोपणाची पेने आली. कोरड्या हवेने माझे लाकूड आकसले. झाकण नीट बसेना. मागचे स्क्रू गंजले. तळाच्या कप्प्यात दोन्ही सिगारी काटकीसारख्या सुकल्या. मी कोणाला काही सांगू शकत नव्हते. पेटीला वास देता येतो, बोलता येत नाही आणि माझा वासही जवळजवळ गेला होता.

एके दिवशी भाचीने दुकानाला नवा रंग दिला. भिंती चांगल्या दिसू लागल्या आणि त्यांच्यापुढे मी कळकट दिसू लागले. तिने किल्ल्या काढून घेतल्या आणि मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्टेशनाजवळच्या एका पॉलिशवाल्याकडे नेले. कारखान्यातून निवृत्त झालेला म्हातारा होता तो, असे तिला कोणी सांगितले होते. भांग अजून नीट पाडलेला होता.

"आतूनबाहेरून चकचकीत करून द्या," भाची म्हणाली.

"आतून नाही करायचं," म्हातारा म्हणाला.

"का? आतही कळकटच आहे की."

"अशा पेटीला आतून नाही करायचं," तो पुन्हा म्हणाला. "फार पूर्वी शिकलोय."

मग त्याने मला उजेडात धरले. कोपऱ्याच्या सांध्यावरून नख ओढले. नख कुठेही अडकले नाही. त्याचा हात झाकणावर आला, उजव्या कोपऱ्याजवळ थांबला आणि ओघळावरून खाली गेला.

"सांधा असा करणाऱ्या माणसाने पॉलिश असं का केलं?" तो म्हणाला. ते भाचीला विचारलेले नव्हते, पण उत्तर तिने दिले.

"मावशी म्हणायची, त्याचा माणूस यायचाय. कोण ते मला नाही माहीत. काढून टाका तुम्ही."

त्याने तबक उचलले. खाली दोन सुकलेल्या सिगारी होत्या. एका पट्टीवर त्याच्या भावाचे नाव होते. दुसरी त्याने उलटी करून पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.

"पेटी कधी मिळेल?" भाचीने विचारले.

"वेळ लागेल," तो म्हणाला. "आणि मला सांगा, ज्याने ही केली तो आहे का?"

"मुलीकडे असतात ते. मावशीच्या दिवसांना आले होते. माझ्याकडे पत्ता आहे."

धाकटा त्याच दुपारी मला बगलेत घेऊन निघाला. काकी माझ्या थोरल्या बहिणीला अशाच बगलेत घेऊन गल्लीत आल्या होत्या. तो जिना चढला, दारापुढे थोडा वेळ उभा राहिला, मग कडी वाजवली. थोरल्याच्या मुलीने दार उघडले. तो निघून गेला तेव्हा ती पाळण्यात होती.

"कोण पाहिजे?"

"तुझे वडील आहेत का?"

"आहेत. कोण आलंय म्हणून सांगू?"

खरे नाव सांगितले तर ओळख पटेल याची त्याला खात्री नसावी. "आरसेराव आलाय म्हणून सांग," तो म्हणाला.

"त्याचं नाव ते नाही," असा आतून आवाज आला. आणि मग थोरल्याने त्याचे नाव घेतले, पट्टीवर लिहिले होते तेच, पूर्ण.

थोरला खिडकीशी खुर्चीत बसला होता. धाकट्याने मला टेबलावर ठेवले. दोघेही माझ्याकडे बघत राहिले. एकमेकांकडे बघण्यापेक्षा ते सोपे असावे.

"बिजागरीचे स्क्रू गंजलेत," धाकटा म्हणाला.

"गंजणारच."

"पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू कोण लावतं, दादा?"

"पितळी संपले होते."

मुलगी चहा ठेवून गेली.

"आतून करायचं नाही, हे मी तुला सांगितलं नव्हतं," थोरला म्हणाला.

"नव्हतं सांगितलंस."

"काकी दारात उभी राहिली तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं."

"मग?"

थोरल्याने मांडीवर हातावर हात ठेवला. "लोक हसत होते," तो म्हणाला.

धाकट्याने कपातला चहा संपवला. मग म्हणाला, "हा ओघळ काढायला बरेच दिवस लागतील. मला यावं लागेल."

त्याच्यासारख्या कारागिराला ते एका सकाळचे काम होते. हे मला माहीत होते, थोरल्याला तर नक्कीच माहीत होते. "लागू देत," थोरला म्हणाला.

धाकटा येऊ लागला. पहिले काही दिवस त्याने पॉलिशला हातही लावला नाही. ओल्या फडक्याने माझे आतले लाकूड पुसायचे आणि झाकण लावून ठेवायचे, एवढेच. सुकलेली पेटी एकदम ओली केली तर तिच्या फळ्या वाकतात आणि सुकलेली सिगार घाईने ओली केली तर पान फाटते. मग नवा स्पंज आला, पितळी स्क्रू आले. मग बारीक कागदाने ओघळ घासणे सुरू झाले. तो थोडे घासायचा आणि जास्त बोलायचा. रेल्वेचे डबे, गेलेली माणसे, बाकावर हसणारे कोण कोण आता कुठे असतात. थोरला मध्येच त्याची चूक काढायचा, "अरे तो वखारवाला नव्हे, त्याचा मेहुणा," आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून. भाचीचे दोनदा विचारून झाले. धाकट्याने दोन्ही वेळा पॉलिश ओले असल्याचे सांगितले. शेवटी तीच म्हणाली, "राहू दे तुमच्याकडेच. किल्ल्यांना भिंतीतला खिळा पुरतो."

सगळी कामे कधीतरी संपतात. ओघळ गेला. त्या जागी बोट फिरवले तर आता काही लागत नाही. माझे झाकण पूर्वीसारखे हवा न सोडता बसू लागले, माझा वास परत आला आणि तळाच्या दोन्ही सिगारी दाबल्यावर हलक्या दबू लागल्या. धाकट्याने हत्यारे पिशवीत भरली आणि तो घरी गेला. त्या दिवशी थोरला माझ्याकडे पाहत बराच वेळ बसून होता. आता यायला काही कारण उरले नव्हते.

दोन दिवसांनी कडी वाजली. धाकटा आत आला. हातात पिशवी नव्हती.

थोरल्याने झाकण उघडले, तबक बाजूला केले आणि काकींसारखेच विचारले, "आज काय आहे?"

धाकट्याने जरा विचार केला. "काही नाही," तो म्हणाला. "सहज आलो."

"मग नियमाप्रमाणे मिळणार नाही," थोरला म्हणाला. "लाव झाकण."

धाकट्याने झाकण लावले आणि खुर्ची ओढून बसला. तो अजूनही येतो, कधीही, कशासाठीही नाही. दोन्ही सिगारी अजून माझ्यात आहेत आणि त्या तशाच राहाव्यात, असे मला वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपायचे तर आधी तिला काय चालत नाही ते विचारून घ्या. ज्याला माहीत असेल त्याने दुसऱ्याला सांगावे, बस सुटत असली तरी. आणि तुमच्या वर्गात, गल्लीत किंवा घरात असा कोणी असेल की ज्याला सगळे एखाद्या चुकीच्या नावाने ओळखतात, तर आज त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून बघा. तो वळून बघायला थोडा वेळ लावेल. तेवढा वेळ थांबा.